बातमी लागली, पुढे काय?

जून 2020. टाळेबंदीचे दिवस. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं एरवी हिरवट दिसणारं पाणी गुलाबी झालं आणि गावातल्या लोकांनी मोबाइलवर काढलेले फोटो बघता बघता जगभर फिरले. अमेरिकेच्या नासा संस्थेनं उपग्रहानं टिपलेली आधीची आणि नंतरची चित्रं प्रसिद्ध केली. सरोवराच्या संवर्धनाचा विषय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आधीपासून होताच. खंडपीठानं या रंगबदलाची दखल घेतली. पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे आणि नागपूरच्या ‘नीरी’कडे गेले. उत्तर महिना-दीड महिन्यातच मिळालं. उन्हाळ्यात पाणी आटून क्षार वाढले, त्या खारटपणात हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव फोफावले आणि त्यांच्या रंगद्रव्यानं पाणी गुलाबी दिसू लागलं. पाऊस पडला, रंग ओसरला.

रंगाबरोबर बातमीही ओसरली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारचं नाव आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेल्याचं जाहीर झालं. पुढे 2022 साली सरोवराच्या जतन-विकासाच्या सुमारे 370 कोटी रुपयांच्या आराखड्याला राज्य सरकारनं मान्यता दिली. या दोन्ही बातम्या पहिल्या दिवशी ठळक छापून आल्या. पण गावाचं सांडपाणी सरोवराकडे उतरतं ही जुनी तक्रार कुठवर आली? काठावरची वेडी बाभूळ काढायला किती खर्च झाला आणि ती पुन्हा किती उगवली? मंजूर रकमेपैकी प्रत्यक्ष हातात किती आली, कोणत्या कामाला गेली, ते काम कोणी केलं आणि कोणी तपासलं? हे प्रश्न फोटोत मावत नाहीत. त्यांची उत्तरं शोधायला महिने लागतात, कागद लागतात आणि एकाच विषयामागे चिकाटीनं राहणारा माणूस लागतो. शोधपत्रकारिता म्हणतात ती हीच, आणि भारतासारख्या देशात तिची खरी कसोटी दिल्ली-मुंबईपेक्षा लोणारसारख्या तालुक्यात लागते.

लोणारचंच उदाहरण पुढे नेऊ. सरोवराचा परिसर 2000 सालापासून अभयारण्य आहे, म्हणजे वन्यजीव विभाग आला, त्याचं कार्यालय अकोल्यात. दैत्यसूदनासारखी प्राचीन मंदिरं केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे. सांडपाणी आणि गावातले रस्ते नगर परिषदेकडे. निधीचं नियोजन आणि बैठका जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त आणि मंत्रालय यांच्यात. एखाद्या वार्ताहरानं एका साध्या प्रश्नाचं उत्तर मिळवायचं ठरवलं, तर त्याला या सगळ्यांच्या दारात जावं लागतं. त्यातलं प्रत्येक कार्यालय ‘हा विषय आमच्याकडे नाही’ असं सांगू शकतं, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं.

मग उरतो माहितीचा अधिकार. 2005 च्या या कायद्यानं सामान्य माणसाच्या हातात जे दिलं, ते त्याआधी मोठ्या संपादकांनाही मिळत नव्हतं. पण त्याची वाट कशी आहे ते जवळून पाहायला हवं. जोडपत्र ‘अ’ मध्ये अर्ज, त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि शब्द 150 च्या आत. जन माहिती अधिकाऱ्याला उत्तरासाठी 30 दिवस. विषय दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवायचा. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील. तिथेही नाही जमलं, तर दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या अमरावती खंडपीठाकडे. या टप्प्यावर प्रकरणं इतकी साचलेली असतात की सुनावणीची तारीख येईपर्यंत अधिकारी बदललेला असतो, ठेकेदाराचं बिल निघालेलं असतं आणि वार्ताहराच्या संपादकाला तो विषय आठवतही नसतो.

अनुभवी वार्ताहर म्हणूनच ‘सर्व माहिती द्यावी’ असं कधी लिहीत नाहीत. ते नेमका कागद मागतात: कामाचं अंदाजपत्रक, वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तिका म्हणजे ज्याला सगळे ‘एमबी’ म्हणतात ती, आणि देयकाची प्रत. शक्य असेल तर प्रती मागण्याऐवजी अभिलेखांची पाहणी मागतात, कारण फाइल समोर उघडली की टिप्पणीच्या पानावर कोणी काय शेरा मारला तेही दिसतं. वर्क ऑर्डरची तारीख एमबीतल्या पहिल्या मोजणीच्या नंतरची असेल, तर काम कागदावर आधीच झालेलं होतं हे समजायला तज्ज्ञ लागत नाही. दोन रुपये पानाप्रमाणे मिळालेल्या दोन कागदांवरच्या तारखा एकमेकांशेजारी ठेवायच्या, एवढंच. महाराष्ट्रातल्या तालुक्या-तालुक्यांतून बाहेर आलेली कित्येक प्रकरणं अशा साध्या तारखांनी उघडी पडली आहेत. त्यात छुपा कॅमेरा नव्हता की कोणी गुप्त खबऱ्याही नव्हता.

मात्र या कामाचे पैसे कोणी द्यायचे, इथे गाडी अडते.

तालुक्याच्या ठिकाणचा बहुतेक वार्ताहर हा वृत्तपत्राचा पगारी नोकर नसतो. त्याला मानधन मिळतं ते नावापुरतं. त्याचं खरं उत्पन्न जाहिरातींच्या कमिशनवर, काहींचं अंकाच्या एजन्सीवर, आणि बाकीचं शेतीवर किंवा दुकानावर. वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिरातींचं उद्दिष्ट त्याच्याच माथी. ती जाहिरात देणारा कोण? नगराध्यक्ष, बाजार समितीचा सभापती, पतसंस्थेचा अध्यक्ष, शिक्षणसंस्थेचा संचालक, सरकारी कामांचा ठेकेदार. ज्यांच्या कारभाराची चौकशी करायची, त्यांच्याच वाढदिवसाच्या पानावर त्याचं घर चालतं. अशा माणसाला धाडसाचे धडे देणं सोपं आहे, आणि अन्यायाचंही. त्याला ठेकेदाराचं नाव माहीत असतं, कामाचा दर्जा माहीत असतो, वाटा कोणाकोणाचा तेही चहाच्या टपरीवर बोललं जातं. माहिती असूनही छापून न येण्याचं कारण धंद्याच्या या रचनेत आहे.

या रचनेचं टोक 2009 च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रानं पाहिलं. त्या वेळी ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये दाखवून दिलं की तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या कौतुकाचा एकच मजकूर वेगवेगळ्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून, जवळपास शब्दशः, छापून आला होता. ‘पेड न्यूज’ हा शब्द त्यानंतर घरोघरी पोहोचला. प्रेस कौन्सिलनं नेमलेल्या दोन सदस्यांच्या समितीनं 71 पानांचा अहवाल तयार केला, पण कौन्सिलनं तो पूर्ण स्वरूपात आधी प्रसिद्धच केला नाही. केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर 2011 मध्ये तो लोकांसमोर आला. पत्रकारितेच्याच आजारावरचा अहवाल बाहेर काढायला माहितीचा अधिकार वापरावा लागला, ही गोष्ट या व्यवसायातल्या प्रत्येकानं लक्षात ठेवावी अशी आहे. चव्हाण यांच्यावर निवडणूक आयोगानं 2014 मध्ये बजावलेली नोटीस पुढे दिल्ली उच्च न्यायालयानं रद्द केली.

आता पुन्हा बुलढाणा जिल्ह्यात येऊ, कारण शोधाची गरज किती खरी आहे हे दाखवणारं अलीकडचं सर्वांत बोलकं उदाहरण याच जिल्ह्यातलं आहे.

डिसेंबर 2024 च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस गळू लागले. आधी डोकं खाजायचं, मग केस हातात यायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बाया, पुरुष, शाळेतली पोरं, कोणी सुटलं नाही. स्थानिक वार्ताहरांनी ही बातमी लावली म्हणून ती राज्याला कळली. त्यांचं हे श्रेय मोठं आहे. पण पुढच्या दोन-तीन दिवसांत वाहिन्यांनी तिचं ‘टक्कल व्हायरस’ असं नामकरण करून टाकलं. विषाणूचा पुरावा कुठेच नव्हता. भीती मात्र पसरली. कॉलेजला जाणाऱ्या मुलींनी घराबाहेर पडणं सोडलं, ठरत आलेली लग्नं अडली. आरोग्य खात्याला आधी बुरशीचा संसर्ग वाटला, मग पाण्यातल्या नायट्रेटकडे बोट गेलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, पथकं येऊन नमुने घेऊन गेली.

विंचूदंशावरच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या प्रकरणात जे केलं, ते एखाद्या शोधपत्रकाराच्या कामाच्या जवळ जाणारं आहे. ते गावात आले, लोकांशी बोलले आणि सगळ्यांच्या घरात समान काय आहे हे शोधू लागले. उत्तर रेशनच्या गव्हापाशी येऊन थांबलं. रक्त, लघवी आणि केस यांचे नमुने तपासले, तेव्हा सेलेनियमचं प्रमाण अनुक्रमे 35, 60 आणि 150 पटींनी वाढलेलं आढळल्याचं आणि जस्ताचं प्रमाण बरंच घटल्याचं त्यांनी फेब्रुवारी 2025 मध्ये सांगितलं. स्थानिक गव्हाच्या तुलनेत या गव्हात सेलेनियम कैक पटींनी जास्त होतं. तो पंजाब-हरियाणाकडून आला असल्याचं त्यांचं म्हणणं होतं. तिकडच्या काही पट्ट्यांत जमिनीतच सेलेनियम जास्त आहे, हे शास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक आहे. बाधितांची संख्या तोवर 18 गावांत 279 वर गेली होती.

बातमीच्या दृष्टीनं खरं काम इथून पुढे सुरू होतं. तो गहू कोणत्या गोदामातून आला, कोणत्या महिन्याच्या नियतनातला होता, त्याची तपासणी खरेदीच्या वेळी कोणी केली, तोच माल आणखी कोणत्या जिल्ह्यांत वाटला गेला? रेशनच्या धान्याची प्रत्येक हालचाल कागदावर असते: गोदामाची पावती, वाहतूक पास, दुकानदाराचं उचलपत्र, पॉस मशीनवरची नोंद. उलट दिशेनं माग काढत गेलं तर पंजाबातल्या मंडीपर्यंत पोहोचता येतं. हे काम दोन-तीन माणसांच्या तुकडीचं, काही महिन्यांचं आणि दोन राज्यांतल्या प्रवासाचं आहे. तालुक्याच्या वार्ताहराकडे यातलं काहीच नाही, आणि ज्यांच्याकडे आहे त्या मोठ्या माध्यमांचे कॅमेरे तोवर दुसरीकडे वळलेले होते.

चिकाटीनं काय होतं याचा दाखला बीडमध्ये मिळतो. ऊसतोडणी करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येनं काढल्या जात आहेत, ही गोष्ट 2019 मध्ये पत्रकार राधेश्याम जाधव यांनी ‘बिझनेसलाइन’मधून मांडली. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, मुकादमाची उचल फिटावी, म्हणून तिशीतल्या बाया शस्त्रक्रियेला तयार होत होत्या. गावातल्या कोणालाही हे नवीन नव्हतं. नवीन होतं ते कोणीतरी गावोगाव जाऊन, बायांच्या तोंडून ऐकून ते सलग मांडणं. विधिमंडळात प्रश्न आला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात सुमारे 82 हजार महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. अशी बातमी सरकारी आकडेवारीत आपोआप कधीच आली नसती.

विदर्भातल्या सिंचन प्रकरणाचा धडा वेगळा आहे. 2009 मध्ये अवघ्या सात महिन्यांत विदर्भातल्या 38 प्रकल्पांची किंमत सुमारे 6,672 कोटींवरून 26,722 कोटींवर गेली, ही बाब कागदपत्रांतून पुढे आली. बुलढाणा जिल्ह्यात पूर्णा नदीवर होणारा जिगाव प्रकल्पही नंतर चौकशीच्या फेऱ्यात आला. यंत्रणेतले मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी 2012 मध्ये सरकारला लिहिलेल्या पत्रांनी प्रकरणाला धार आली, सप्टेंबरमध्ये उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला आणि डिसेंबरमध्ये ते परतले. आरोप त्यांनी कायम नाकारले. 2019 मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागानं त्यांच्यावर फौजदारी जबाबदारी येत नसल्याचं उच्च न्यायालयाला सांगितलं. एवढ्या वर्षांत वाचकाच्या मनात राजीनामा राहिला, पक्षांची भांडणं राहिली. धरण किती बांधलं गेलं, पाणी कोणाच्या शेतात पोहोचलं, बुडिताखालच्या गावांचं पुनर्वसन कुठवर आलं, याचा सातत्यानं हिशेब ठेवणारे पत्रकार बोटांवर मोजण्याइतकेच. शोध एका नेत्यापाशी सुरू होऊन त्याच्यापाशीच संपला की नुकसान शेतकऱ्याचं होतं.

धोक्यांबद्दल बोलायलाच हवं. 6 फेब्रुवारी 2023 रोजी राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीवर गाडी घालण्यात आली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. बारसू रिफायनरीशी संबंधित जमीन व्यवहार करणाऱ्या ज्या माणसाबद्दल त्यांची बातमी त्याच सकाळी प्रसिद्ध झाली होती, त्यालाच या प्रकरणी अटक झाली. महाराष्ट्रात तेव्हा पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा स्वतंत्र कायदा लागू होता. 2017 मध्ये विधिमंडळानं तो मंजूर केला होता आणि 2019 मध्ये तो अमलात आला. कायद्यात तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. पण मुंबईच्या पत्रकारामागे संपादक, वकील आणि सहकाऱ्यांची फौज असते. तालुक्याचा पत्रकार हल्लेखोराच्याच गल्लीत राहतो. त्याला गप्प करायला गाडी घालावी लागतेच असंही नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामीचा फौजदारी खटला भरला, की दर तारखेला कोर्टात जाण्यातच त्याची वर्षं जातात. ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या 2025 च्या यादीत भारत 180 देशांत 151 वा होता. अशा क्रमवारीबद्दल वाद घालता येतो. वारिशे यांच्या घरात तो घालता येणार नाही.

आणि हाती आलेला प्रत्येक कागद खरा असतो असंही नाही. मराठी पत्रकारितेला हे फार लवकर, फार महागात कळलं. कोल्हापूर संस्थानात छत्रपतींचा छळ होत असल्याच्या रागानं ‘केसरी’ आणि ‘मराठा’नं तिथले कारभारी बर्वे यांच्यावर जी टीका केली, तिचा आधार असलेली पत्रं बनावट निघाली. 1882 मध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. 101 दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. हेतू शुद्ध होता, कळकळ खरी होती, पण पत्रं खरी नव्हती. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी अधिकाऱ्याची सही, आवाज, चेहरा काही मिनिटांत तयार होतो. पडताळणीशिवाय पुढे ढकललेला एक खोटा कागद दहा खऱ्या बातम्यांची विश्वासार्हता घालवतो. त्यातच हातात बूम माइक घेऊन ठेकेदाराला धमकावणारे, ‘बातमी लावू की थांबवू’ असा सौदा करणारे तथाकथित पत्रकार तालुक्यांतून वाढले आहेत. त्यांच्यामुळे प्रामाणिक वार्ताहराकडेही लोक संशयानं पाहतात, आणि हे नुकसान बाहेरच्या दबावाइतकंच गंभीर आहे.

कायद्याची वाटही अरुंद होते आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये संमत झाला आणि त्यानं माहिती अधिकार कायद्यातलं कलम 8(1)(जे) बदललं; हा बदल नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झाला. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारतानाही व्यापक लोकहिताचा विचार त्याच कलमात होता. आता ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ एवढं म्हणणं पुरेसं होऊ शकतं. रोजगार हमीच्या हजेरीपटावर मेलेल्या माणसाचं नाव असेल, तर ते नाव पाहिल्याशिवाय घोटाळा कळणार कसा? लोकहितासाठी माहिती देण्याची मुभा कलम 8(2) मध्ये अजून शिल्लक आहे. पुढची लढाई त्या आधारावर, अपिलांतून आणि न्यायालयांतून लढावी लागेल.

असं असूनही भविष्य अंधारलेलं आहे असं म्हणणं वस्तुस्थितीला धरून होणार नाही. वीस वर्षांपूर्वी ज्या कागदासाठी तलाठ्याच्या मागे फिरावं लागे, तो सातबारा आता मोबाइलवर दिसतो. शासन निर्णय, निविदा, उमेदवारांची संपत्तीची प्रतिज्ञापत्रं, कंपन्यांच्या नोंदी, धान्यवाटपाचे दुकानवार आकडे संकेतस्थळांवर आहेत. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रं दर पाच दिवसांनी, फुकट मिळतात. लोणार सरोवराचं पाणी कधी किती पसरलं आणि काठावर कुठे खोदकाम झालं हे लोणारातच बसून तपासता येतं. 1989 मध्ये नऊ पत्रकारांनी सुरू केलेल्या फिलिपिन्सच्या शोधपत्रकारिता केंद्रानं 2000 साली अध्यक्ष एस्त्रादा यांचे बंगले आणि कंपन्या शोधल्या, त्या मुख्यतः नोंदणी कार्यालयातल्या अशाच उघड्या कागदांतून. पुढे महाभियोगात त्या बातम्या कामी आल्या. तो देशही श्रीमंत नव्हता आणि तिथेही पत्रकारांचे मुडदे पडत होते.

महाराष्ट्राकडे सहकाराचा अनुभव आहे, आणि तो या क्षेत्रात अजून नीट वापरला गेलेला नाही. साईनाथ यांनी 2014 मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’नं ग्रामीण वृत्तांत मराठीसह अनेक भाषांत देऊन दाखवलं आहे की जाहिरातीशिवाय असं काम उभं राहू शकतं. पश्चिम विदर्भातल्या पाच जिल्ह्यांतल्या वार्ताहरांनी, त्यांची दैनिकं वेगवेगळी असली तरी, एका विषयावर कागद वाटून घेतले, बातमी एकाच दिवशी सगळीकडे छापली, तर एकट्या माणसावर दबाव आणणं अवघड होईल. अशा गटासाठी एक वकील जो छापण्याआधी मजकूर वाचेल आणि खटला झाला तर उभा राहील, एक प्रयोगशाळा जिथे गहू-पाण्याचे नमुने तपासता येतील, आणि अपिलांच्या तारखांची वही ठेवणारा एक माणूस, एवढी सुरुवात पुरे. पैसा वाचकांनी वर्गणी म्हणून द्यावा, आणि देणाऱ्यांची यादी जाहीर असावी. पहिला अर्ज कशासाठी करायचा हा प्रश्नही पडू नये: लोणारच्या आराखड्यातल्या कामांची मोजमाप पुस्तिका आणि शेगाव तालुक्यात 2024 च्या अखेरीस आलेल्या गव्हाच्या गोदाम-पावत्या, दोन वेगळे अर्ज, प्रत्येकी 10 रुपये.